ड्रममध्ये सुरळीत चालते, समुद्रात बंद पडते: आउटबोर्ड इंजिनाची जुनी तक्रार आणि तिचे निवारण

नाशिकमध्ये राहून समुद्रासाठी लहान बोट बाळगणाऱ्यांची एक तक्रार दर हंगामात नव्याने ऐकू येते. घराच्या आवारात पाण्याच्या ड्रममध्ये आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचे इंजिन पहिल्या-दुसऱ्या ओढीत सुरू होते, दहा-पंधरा मिनिटे एकसारखे चालते, आणि बोट ट्रेलरवर घालून त्र्यंबक-जव्हारच्या रस्त्याने डहाणू किंवा सातपाटीकडे नेली, की खाडीबाहेर पंधरा-वीस मिनिटे झाल्यावर तेच इंजिन दम लागल्यासारखे होऊन थांबते. थोड्या वेळाने ते पुन्हा सुरू होते आणि पुन्हा थांबते. परत आल्यावर मेकॅनिक कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, उघडून साफ करतो, ड्रममध्ये चालवून दाखवतो, आणि पुढच्या खेपेला सगळे पुन्हा तसेच घडते.

ही तक्रार इतकी चिवट असण्याचे कारण असे, की ड्रममधली चाचणी ज्या गोष्टी तपासते त्यांत दोष बहुधा नसतोच. २५ अश्वशक्तीचे दोन-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगात ताशी साधारण १० लिटर पेट्रोल ओढते, तर ड्रममध्ये संथ चालताना त्याला ताशी लिटरभराच्या आसपास पेट्रोल पुरते. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा मार्ग अर्धा तुंबलेला असला तरी एवढे पेट्रोल त्यातून सहज पोचते. म्हणून ड्रममध्ये चालले एवढ्यावरून इंजिन समुद्रासाठी तयार आहे असे मानू नये, आणि दुरुस्ती झाली असेही मानू नये. दोष शोधायचा तर इंजिन भाराखाली कोणत्या रीतीने बंद पडते ते नीट पाहावे लागते, कारण बंद पडण्याची रीतच कारणाकडे बोट दाखवते.

ढोबळमानाने या रीती तीन आहेत. इंजिन आधी अडखळते, वेग आपोआप कमी होतो आणि मग ते विझते, तेव्हा त्याला पेट्रोल कमी पडत असते. कुणी स्विच बंद करावा तसे ते एका क्षणात थांबते, तेव्हा ठिणगीचा दोष असतो. भोंगा वाजून किंवा वेग घटून इंजिन तापल्याचे कळते आणि मागून पडणारी पाण्याची बारीक धार मंदावलेली किंवा बंद दिसते, तेव्हा इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा प्रश्न असतो. वर सांगितलेली नाशिककरांची तक्रार बहुतेक वेळा पहिल्या प्रकारात मोडते, म्हणून इथे तिच्याकडेच सर्वाधिक लक्ष दिले आहे.

फुगा दाबण्याआधी त्याला हात लावून पाहा

टाकी आणि इंजिन यांच्यामधल्या नळीवर हाताने दाबायचा रबरी फुगा असतो, ज्याला प्रायमर बल्ब म्हणतात. इंजिन अडखळू लागताच बहुतेक जण घाईने तो दाबू लागतात, आणि त्या क्षणी मिळू शकणारी सर्वांत मोलाची माहिती पुसली जाते. फुगा आधी नुसता चाचपावा. तो चपटा होऊन आत ओढला गेला असेल, तर अडथळा फुग्याच्या अलीकडे, म्हणजे टाकीच्या बाजूला आहे: झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद आहे, टाकीतल्या ओढनळीच्या टोकाची जाळी तुंबली आहे किंवा नळी कुठेतरी दुमडली आहे. फुगा गोल पण मऊ असेल, आणि तो दाबत राहिले की इंजिन सावरत असेल, तर एकतर अलीकडच्या भागात कुठल्यातरी जोडातून हवा आत शिरते आहे, किंवा इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा रबरी पडदा दमला आहे. फुगा टणक असूनही इंजिन उपाशी राहत असेल, तेव्हाच दोष फुग्याच्या पलीकडे, म्हणजे इंजिनावरचा फिल्टर, कार्बोरेटरमधली फ्लोटची सुई किंवा त्याचे जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोके, यांत शोधावा. कार्बोरेटर उघडण्याची वेळ खरे तर या शेवटच्या स्थितीत येते. प्रत्यक्षात मात्र तोच सर्वांत आधी उघडला जातो.

हवेच्या स्क्रूबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण नाशिकहून खाली जाणाऱ्या बोटीला त्याचा त्रास अधिक होतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. प्रवासात पेट्रोल सांडू नये म्हणून स्क्रू आवळला जातो, आणि तो आवळलेलाच असावा. मात्र घाट उतरल्यावर बाहेरचा हवेचा दाब वाढतो आणि बंद टाकी बाजूंनी किंचित आत ओढली जाते. उन्हात टाकी तापली तर पेट्रोलच्या वाफेमुळे नेमके उलट होते आणि आतला दाब वाढतो. अशी दाब असलेली टाकी स्क्रू बंद असूनही पहिली काही मिनिटे इंजिनाला व्यवस्थित पेट्रोल पुरवते, मग पेट्रोलची पातळी खाली जाऊ लागली की आत पोकळी तयार होते आणि पंपाची ओढ अपुरी पडते. त्यामुळे इंजिन लगेच बंद न पडता किनाऱ्यापासून बरेच आत गेल्यावर बंद पडते, आणि कुणालाच झाकणाची आठवण होत नाही. बोट पाण्यात उतरवल्यावर इंजिन सुरू करण्याआधी स्क्रू पूर्ण उघडला आहे की नाही ते बोलून दाखवायचे, अशी सवय घरातल्या एखाद्याला लावावी. मुलांना हे काम फार आवडते आणि ती ते विसरत नाहीत.

स्क्रू उघडा असूनही फुगा चपटा होत असेल, तर नळीकडे संशयाने पाहावे. जुन्या नळीचा आतला थर पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलमुळे सुटतो. संथ चालताना तो आडवा येत नाही; वेग वाढला, ओढ वाढली की झडपेसारखा मिटतो, आणि इंजिन थांबले की पुन्हा उघडतो. बाहेरून नळी धडधाकट दिसते. असा दोष शोधत बसण्यापेक्षा फुग्यासकट संपूर्ण नळी बदलणे शहाणपणाचे आहे, कारण तिची किंमत एका वाया गेलेल्या फेरीच्या खर्चापेक्षा कमी असते. नवी नळी बसवताना फुग्यावरचा बाण इंजिनाच्या दिशेने असावा, आणि पेट्रोल भरण्यासाठी फुगा दाबताना बाण वर येईल असा तो उभा धरावा, म्हणजे आतल्या झडपा नीट बसतात. दोन्ही टोकांच्या जोडांमधल्या ओ-रिंगा, म्हणजे रबरी कडीही त्याच वेळी बदलाव्यात. हवा बहुधा तिथूनच शिरते, आणि पेट्रोलचा थेंबही बाहेर येत नसल्याने डोळ्यांना काही दिसत नाही.

टाकीच्या तळाशी काय आहे?

मार्ग मोकळा असूनही तक्रार कायम असेल तर पेट्रोल तपासावे. देशात २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल काही पंपांवर मिळू लागले आणि आता जवळजवळ सर्वत्र तेच मिळते. म्हणजे २४ लिटरच्या टाकीत पाच लिटरांच्या जवळपास इथेनॉल असते. इथेनॉल हवेतली वाफ शोषते. काही प्रमाणापर्यंत ते पाणी पेट्रोलमध्ये विरघळून राहते आणि इंजिनाला त्याचा त्रासही होत नाही. पाण्याचे प्रमाण त्या मर्यादेपलीकडे गेले, किंवा प्रमाण तेच राहून थंडी वाढली, की पाणी आणि बरेचसे इथेनॉल एकत्र वेगळे होऊन तळाला बसतात. टाकीतली ओढनळी नेमकी तळातूनच ओढते.

नाशिकच्या बोटीचा जीवनक्रम या घटनेला अगदी अनुकूल असतो. रविवारी डहाणूला दमट खाऱ्या हवेत टाकी अर्धी रिकामी होते आणि रिकाम्या जागेत तीच हवा भरते. रात्री बोट घाट चढून वर येते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहा अंशांखाली उतरतो, तेव्हा त्या हवेतले बाष्प टाकीच्या भिंतींवर थेंबांच्या रूपाने जमते, आणि थंड पेट्रोलची पाणी विरघळवून ठेवण्याची शक्तीही त्याच वेळी घटते. पावसाळ्याचा प्रश्न निराळा आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याही खवळलेला असतो, आणि नाशिकमधल्या बऱ्याच बोटी तर थेट दिवाळीनंतरच बाहेर निघतात. मेअखेरीस टाकीत राहिलेले पेट्रोल तोवर पाच महिन्यांचे झालेले असते.

दोन-स्ट्रोक इंजिनाच्या बाबतीत हे केवळ बंद पडण्यापुरते मर्यादित राहत नाही, म्हणून ते हलक्यात घेऊ नये. वंगणासाठी पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल वरच्या पेट्रोलच्या थरात राहते. तळाच्या पाणी-इथेनॉलच्या थरात ते जवळजवळ नसते. तो थर ओढला गेला की इंजिन वंगणाशिवाय फिरते, आणि पिस्टनवर चरे पडायला वेळ लागत नाही.

तपासणी अगदी सोपी आहे. टाकी रात्रभर स्थिर ठेवावी, सकाळी न हलवता इंजिनाकडचे टोक काढून फुग्याने अर्धा लिटर पेट्रोल स्वच्छ काचेच्या बरणीत घ्यावे आणि अर्धा तास तसेच राहू द्यावे. हे काम उघड्यावर, आग, बिडी-सिगारेट आणि विजेची उपकरणे यांपासून दूर करावे. तळाशी वेगळा थर, थेंब किंवा गढूळपणा दिसला, किंवा तेलाचा रंग नुसत्या वरच्या भागात दिसला, तर टाकीतले सगळे पेट्रोल काढून टाकावे. बाजारात मिळणारी कोणतीही बाटली ओतून वेगळे झालेले थर पुन्हा नीट एकत्र येत नाहीत. पेट्रोल टिकवणारी द्रव्ये ताज्या पेट्रोलमध्ये घालण्यासाठी असतात. पाणी वेगळे करणारा दहा मायक्रॉनचा फिल्टर मार्गात जरूर बसवावा, पण त्याच्यावर विसंबू नये, कारण तो फक्त सुटे पाणी अडवतो, विरघळलेले पाणी त्यातून पार होते. काढलेले खराब पेट्रोल गटारात किंवा नाल्यात ओतू नये. आपल्याकडचा नाला नासर्डीला मिळतो आणि नासर्डी गोदावरीला मिळते. वापरलेले तेल गोळा करणाऱ्या एखाद्या गॅरेजशी बोलून ते तिकडे द्यावे.

हा त्रास मुळातच टाळण्याची एक रीत मला सर्वांत पटते. तेल टाकीत आगाऊ मिसळून ठेवू नये. निघण्याच्या सकाळी भरपूर खप असलेल्या पंपावरून, पेट्रोलसाठीच बनवलेल्या डब्यात साधे पेट्रोल घ्यावे, तेल वेगळ्या बाटलीत न्यावे, आणि किनाऱ्यावर त्या दिवसाच्या फेरीला लागेल तेवढेच मिसळावे. पेट्रोल आणि तेलाचे ५०:१ प्रमाण असेल तर लिटरला २० मिलिलिटर तेल लागते, आणि ते बोटीच्या दोन-स्ट्रोक इंजिनांसाठीच्या टीसी-डब्ल्यू ३ दर्जाचे असावे. दुचाकीचे तेल या कामाला चालत नाही. न मिसळलेले उरलेले पेट्रोल परतीच्या वाटेवर आपल्या गाडीच्या टाकीत ओतता येते, आणि बोटीची टाकी घरी जवळपास रिकामी येते.

नाशिकला केलेले ट्यूनिंग

वेगात व्यवस्थित चालणारे इंजिन खाडीत हळू जाताना, गळ टाकून रेंगाळताना किंवा धक्क्याला लागतानाच शिंकल्यासारखे करून बंद पडत असेल, तर आणखी एक कारण ध्यानात घ्यावे. ६०० मीटरवर हवा समुद्रकाठापेक्षा सहा-सात टक्क्यांनी विरळ असते. त्यामुळे कार्बोरेटर तोच असूनही नाशिकमध्ये मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण थोडे जास्त पडते. मेकॅनिक इंजिनाचा आवाज ऐकून संथ गतीचा स्क्रू फिरवतो आणि पेट्रोल कमी करतो. ते इथे योग्यच ठरते. खाली दाट हवेत मात्र तेच मिश्रण आवश्यकतेपेक्षा फिके पडते. फरक लहान आहे आणि एरवी तो जाणवणारही नाही; पण जेट थोडे मळलेले असतील तर तेवढ्याने इंजिन विझते. इंजिनाच्या पुस्तिकेत हा स्क्रू किती फेरे उघडा ठेवावा ते दिलेले असते. तो तेवढ्यावर ठेवावा आणि शेवटची बारीक जुळवणी किनाऱ्यावरच, इंजिन गरम झाल्यावर करावी.

उरलेल्या दोन रीती

एका क्षणात थांबणाऱ्या इंजिनात आधी किल स्विचची, म्हणजे ओढली की इंजिन बंद करणाऱ्या स्विचची दोरी पाहावी. तिची क्लिप सैल झाली की लाटेच्या धक्क्याने संपर्क तुटतो. त्यानंतर बॅटरीची टोके, हिरवट पडलेली जोडणी आणि प्लग पाहावेत. इंजिन गरम झाल्यावर थांबत असेल आणि अर्धा तास थंड झाल्यावर जणू काही झालेच नाही असे चालू होत असेल, तर ठिणगीसाठी वीज पुरवणारी कॉइल गरम होऊन दगा देते आहे असा अंदाज बांधता येतो. ठिणगीची तपासणी बोटीत, पेट्रोलच्या वाफेत करू नये. ते काम कार्यशाळेतच व्हावे.

तापणाऱ्या इंजिनात पाणी खेचणारा रबरी इम्पेलर हा पहिला संशयित असतो. पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्याचे पाणी गाळाचे आहे आणि उथळ पाण्यात इंजिन सुरू केले की वाळूही ओढली जाते. इम्पेलरची पाती महिनोन् महिने एकाच स्थितीत वाकून राहिली तर तशीच कडक होतात, आणि पाण्याबाहेर इंजिन काही सेकंद चालवले तरी ती जळतात. वर्षातून एकदाच, पावसाळ्यानंतर बोट काढताना, इम्पेलर बदलून टाकणे सोयीचे पडते. धार बंद झाली तर आधी तिच्या बारीक भोकात जाडसर नायलॉनची दोरी घालून पाहावी, कारण कित्येकदा मीठ किंवा कुंभारमाशीचे घर एवढेच कारण निघते. गोड्या पाण्याने इंजिन धुण्याचे काम नाशिकला पोचेपर्यंत लांबवू नये. घाट चढेपर्यंतच्या तासांत आतले खारे पाणी सुकते आणि मिठाचे खडे थर्मोस्टॅटमध्ये, म्हणजे इंजिनाचे तापमान राखणाऱ्या झडपेत, अडकतात. पाणी घेण्याच्या जाळ्यांवर लावायचे रबरी कप आणि नळी बरोबर असेल, तर किनाऱ्यावर कुणाच्या तरी नळावर दहा-पंधरा मिनिटांत हे काम आटोपते; मात्र किनाऱ्यालगतच्या विहिरीचे पाणी स्वतःच मचूळ असू शकते, ते चाखून पाहावे.

खात्रीची चाचणी कुठे आणि कशी घ्यावी

दुरुस्तीनंतरची खरी चाचणी पाण्यावर, भाराखाली, किमान अर्धा तास व्हायला हवी. त्यासाठी गंगापूर धरणाचे पाणी जवळचे वाटते, पण ते नाशिकचे पिण्याचे पाणी आहे. तिथे खासगी इंजिनाची बोट परवानगीशिवाय उतरवू नये, आणि परवानगी मिळाली तरी ज्याची टाकी, नळी संशयास्पद आहे असे इंजिन तिथे नेऊ नये. चाचणीची योग्य जागा खाडीतच आहे. ती भरती सुरू झाल्यावर घ्यावी, म्हणजे इंजिन थांबलेच तर पाणी बोटीला आत, किनाऱ्याकडे आणते. ओहोटीत तेच पाणी तिला बाहेर ओढून नेते. उधाणाच्या दिवसांत हा प्रवाह जोरदार असतो, म्हणून भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असलेले दिवस निवडावेत. हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, हेही विसरू नये. या फेरीत घरची मंडळी नसावीत. पाण्याची आणि इंजिनाची माहिती असलेला एक सोबती पुरे. स्थानिक कोळी बांधवांपैकी कुणी जाणता तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, बरोबर आला तर फारच चांगले, कारण खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा कुठे सरकला आहे हे त्यालाच ठाऊक असते.

या चाचणीसाठी पाच-दहा लिटरची दुसरी टाकी, तिची स्वतंत्र नळी आणि फुगा घेऊन जावे. इंजिन नेहमीच्या टाकीवर अडखळू लागले की दुसरी जोडावी. त्या टाकीवर ते पूर्ण वेगात अर्धा तास विनातक्रार चालले, तर इंजिन निर्दोष आहे आणि दोष पहिल्या टाकीत, नळीत किंवा पेट्रोलमध्ये आहे. दुसऱ्या टाकीवरही तसेच झाले, तर दोष इंजिनावरच्या पंपात, फिल्टरमध्ये किंवा कार्बोरेटरमध्ये आहे. अंदाजाने सुटे भाग बदलत राहण्यात जे पैसे जातात त्यांच्या तुलनेत ही टाकी स्वस्त पडते, आणि कुटुंबासह बाहेर पडताना तीच राखीव पेट्रोल म्हणून कामी येते.

कुटुंब बरोबर असताना इंजिन थांबले तर दुरुस्तीच्या मागे लागण्याआधी नांगर टाकावा. बोट एका जागी उभी राहिली की विचार करायला वेळ मिळतो. वाहत गेली की दर मिनिटाला परिस्थिती बदलते. त्यासाठी नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट लांब असावा आणि तो गुंडाळीतून न अडकता सुटेल असा ठेवलेला असावा. जीवरक्षक जाकिटे किनारा सोडतानाच सर्वांच्या अंगावर असावीत. मग स्क्रू पाहावा, फुगा चाचपावा, दुसरी टाकी जोडावी. एवढ्याने इंजिन चालू झाले तर फेरी तिथेच संपवून परत फिरावे, मासे लागत असले तरीही. चालू झाले नाही तर वेळ न दवडता व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर मदत मागावी. सागरी पोलिसांचा क्रमांक १०९३ आहे. किनाऱ्यापासून दूर मोबाइलचे जाळे अपुरे पडते, त्यामुळे निघण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या एखाद्या विश्वासू माणसाला परतीची वेळ सांगून ठेवावी.

इंजिन मेकॅनिककडे नेण्याची वेळ आलीच, तर सोबत टाकी आणि नळीही न्यावी, ती घरी ठेवून नुसते इंजिन नेऊ नये. सुरू केल्यापासून किती वेळाने बंद पडले, त्या वेळी वेग किती होता, फुगा चपटा होता, मऊ होता की टणक, पाण्याची धार पडत होती की नाही, आणि दुसऱ्या टाकीवर काय झाले, एवढे कागदावर लिहून त्याच्या हाती द्यावे. मग कार्बोरेटर उघडायचा की नाही हे त्याला तो न उघडताच ठरवता येते.